पाच स्पीकर आणि बाबांची खुर्ची

बाबांनी पुन्हा आमच्याबरोबर सिनेमा बघायला बसावं, एवढ्या एका कारणासाठी मी ते सगळं सामान घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर चाळीत बोललं गेलं की ह्याला मिरवायचं होतं. मला मिरवायचं नव्हतं. मला गाण्यातलंसुद्धा फारसं कळत नाही.

आई गेल्यापासून बाबा सिनेमाला बसेनासे झाले होते. बातम्यांना बसत. सातच्या बातम्या लागल्या की गॅलरीतून आत येत, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसत, शेवटपर्यंत बघत आणि बातम्या देणाऱ्या बाईने नमस्कार केला की उठत. रविवारी सिनेमा लावला की मात्र बाहेर. कठड्याला टेकून खाली बघत राहायचे.

बायको म्हणायची, "बाबा, या ना. चांगला आहे आजचा."

"तुम्ही बघा. माझं डोकं उठतं."

आईची आठवण येत असेल असं आम्ही धरून चाललो. वर्ष गेलं, दोन गेली. दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही तीन माणसं. त्यातलं एक दर रविवारी दाराबाहेर आणि आत आम्ही दोघं हसतोय, हे मला बरं वाटेना. शेवटी एकदा समोर बसून विचारलं, "सिनेमात तुम्हाला नक्की काय होतं?"

बाबांनी विचार करून सांगितलं, "आवाज गोंधळतो. बातम्यांत बाई काय बोलते ते सगळं समजतं. सिनेमात कोण काय बोलतो पत्ताच लागत नाही."

बाबा गिरणीत साचाखात्यात होते. बावीस वर्षं त्यांनी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. मग संप झाला, आणि पुढे केव्हातरी गिरणी थोडीफार सुरू झाली ती त्यांच्याशिवाय. साचाखात्यातला माणूस मोठ्याने बोलतो आणि त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, हे लालबाग-परळमध्ये कोणालाही सांगावं लागत नाही. बाबांचे कान थोडे जड आहेत हे आम्हाला माहीत होतं. किती जड, ते त्यांनी कधी मोजू दिलं नाही. संपानंतर शिवडीला एका गोदामावर ते वॉचमन म्हणून लागले. तिथे पहिला प्रश्न होता, "ऐकायला नीट येतं ना?" ते म्हणाले, "येतं." तेच उत्तर मग पुढे सगळ्यांना मिळालं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की ते एकदम मालवणीवर यायचे. "माका ऐकाक येता." विषय बंद.

मी औषधांच्या एका कारखान्यात वजनं तपासायच्या कामावर होतो. गोळीचं वजन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ते का गेलं ते शोधायचं, आणि कारण सापडेपर्यंत माल सोडायचा नाही. ह्या कामाने माणसाला खोड लागते. मी वहीत लिहिलं: बातम्या समजतात, सिनेमा समजत नाही. कान तेच, टीव्ही तोच, खुर्ची तीच. मग बदलतं काय?

दोन दिवस विचार केल्यावर मला उत्तर सापडलं. बातम्यांत नुसतं बोलणं असतं. सिनेमात बोलण्याच्या पाठीमागे वाजंत्री, पाऊस, मोटारी, काय काय असतं, आणि ते सगळं टीव्हीच्या तीन इंची स्पीकरमधून एकत्र बाहेर पडतं. म्हणजे बोलणं बाकीच्या आवाजापासून वेगळं काढता आलं तर बाबांना समजेल. त्याच सुमारास कारखान्यातल्या एकाने घरी होम थिएटर घेतलं होतं. तो जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "त्यात डायलॉगचा स्पीकरच वेगळा असतो. मधला. बाकी धांगडधिंगा आजूबाजूच्या स्पीकरांत." मी डबा तसाच ठेवून त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं.

माझा तर्क चुकीचा होता हे आता सांगायला हरकत नाही. पण कागदावर तो अगदी बरोबर दिसत होता.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. लागोपाठ तीन शनिवार मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानात एक मोठा खोका समोर ठेवला गेला. त्यावर ठळक अक्षरांत पाच हजार वॅट लिहिलं होतं. आमच्या खोलीला मीटर पाच अँपिअरचा. दोनशे तीस व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे साडेअकराशे वॅट. मी हिशोब करून दुकानदाराला म्हटलं, "चार खोल्यांचे मीटर एकत्र जोडले तरी हे चालणार नाही."

तो म्हणाला, "अहो साहेब, ते तसले वॅट नाहीत."

"मग कसले?"

"आवाजाचे."

"आवाजाचे वॅट विजेच्या वॅटपेक्षा वेगळे असतात?"

"साहेब, घ्यायचंय का बघायचंय?"

मी खोका उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे यंत्र साठ वॅट वीज घेतं. साठ आत जाणार आणि पाच हजार बाहेर येणार. असं यंत्र खरंच निघालं असतं तर धरणं बांधायची गरज उरली नसती. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसऱ्या शनिवारी एका वयस्कर गृहस्थांचं दुकान मिळालं. त्यांच्याकडे रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा, वेगळा आणि स्पीकर वेगळे. ते खोटं काही बोलले नाहीत. त्यामुळेच माझा गोंधळ जास्त वाढला. पहिल्या दुकानात निदान एकच आकडा होता. इथे प्रत्येक वस्तूला चार. रिसीव्हर सहा ओहमचा, स्पीकर आठ ओहमचे, ते चालतं. उलटं असेल तर जपून. एका स्पीकरवर सत्त्याऐंशी डेसिबल लिहिलेले, दुसऱ्यावर नव्वद.

मी विचारलं, "तीनचाच फरक ना?"

"तीन म्हणजे दुप्पट. सत्त्याऐंशीवाल्याला तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात."

"आणि सहाचा फरक असला तर?"

"चौपट."

"म्हणजे ऐकायला दुप्पट-चौपट मोठं वाटतं?"

"नाही, नाही. ऐकायला थोडंसंच."

मी पेन्सिल खिशात ठेवली. आमच्या कारखान्यात दुप्पट म्हणजे दुप्पट. तराजूला थोडंसंच असं काही माहीत नसतं.

मग त्यांनी खोलीबद्दल विचारलं. "सोफ्याच्या मागे जागा किती सुटते?"

"सोफा नाही. वडील खुर्चीत बसतात. आम्ही खाली."

"खुर्चीच्या मागे काय आहे?"

"ओटा. आणि मोरी."

गृहस्थांनी एक कागद पुढे ओढला. त्यांच्या छापील चित्रात एका मोठ्या दिवाणखान्याच्या मधोमध सोफा होता आणि त्याच्याभोवती पाच स्पीकर, मोकळ्या हवेत उभे. शेवटी ते म्हणाले, "मोरीच्या वर लावा. फक्त पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर."

तिसऱ्या शनिवारी मी बाबांना बरोबर घेऊन त्या गृहस्थांच्याच दुकानात गेलो. ज्याच्यासाठी घ्यायचं त्याने एकदा ऐकायला हवं. दुकानाच्या आत एक छोटी खोली होती, भिंतींना पडदे, जमिनीवर गालिचा, एकच कोच. मालकांनी दिवा घालवला आणि हेलिकॉप्टर सोडलं. ते डोक्यावरून घरघरत मागे गेलं तेव्हा मी मान खाली घातली. बाबा कोचाच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून ताठ बसले होते. अंधारात पाठीमागून मालक म्हणाले, "काका, मागून आला ना आवाज?" बाबा काहीच बोलले नाहीत. मालकांनी पुन्हा विचारलं. मी बाबांकडे वळून तोच प्रश्न केला तेव्हा ते म्हणाले, "हो, हो. बरोबर."

नंतर मालकांनी दोन माणसं बोलत बसलेला एक प्रसंग लावला. बाबा म्हणाले, "मशीन बरं आहे."

बाहेर उजेडात आल्यावर मालक काउंटरपलीकडून म्हणाले, "काका, मधला स्पीकर मोठा देऊ? बोलणं स्वच्छ येईल."

"मोठाच द्या," बाबा लगेच म्हणाले.

मी वहीत लिहिलं: बाबांना मधला मोठा हवा. एवढं लक्ष देऊन मी सगळं लिहीत होतो, आणि अंधारात एक उत्तर आणि उजेडात दुसरं, ह्याचा फरक मात्र कुठेच लिहिला नाही.

रविवारी जोडणी. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, मधला टीव्हीच्या डोक्यावर, कारण टीव्हीखाली पितळेच्या भांड्यांचं कपाट. मागचा उजवा मोरीच्या भिंतीवर, मागचा डावा ओट्यावरच्या फळीवर, डाळींच्या डब्यांना चिकटून.

बायको म्हणाली, "ह्याला फोडणीचा धूर लागणार."

"सिनेमाच्या वेळी फोडणी देऊ नकोस."

"मग रात्री जेवायचं काय, आवाज?"

रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं खुर्चीपासूनचं अंतर मागत होता, फुटांत. मी टेपने कान धरून मोजलं, म्हणजे खुर्चीच्या पाठीवर कान येतात त्या उंचीपासून. डावा सात फूट, उजवा साडेसात, मधला सात, मागचे चार आणि सव्वातीन. सव्वातीन त्याला चालेना, त्याला अर्ध्या फुटाच्या टप्प्याने हवं. साडेतीन घातलं. ते तीन इंच मला पुढे बरेच दिवस टोचत राहिले.

मग चाचणी. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आळीपाळीने खस्स असा आवाज काढतो. बाबांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, कुठून येतो ते बोटाने दाखवा. डावा, मधला, उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. बाबांनी पाचही बरोबर दाखवले. मागचेसुद्धा, मान वळवून. मी आणि बायको खूश. पाचपैकी पाच.

खात्री म्हणून मी एक फेरी क्रम बदलून घेतली. आणि आम्ही दोघं त्या वेळी रिसीव्हरच्या बटणांवर वाकलेलो होतो. पाचपैकी दोन.

"बाबा, नीट ऐकून सांगा ना."

"सांगतोय की! तुम्ही तिकडे खाली डोकं घालून काय करताय?"

मी मागच्या स्पीकरांचा आवाज वाढवला. पुन्हा घेतलं, पाचपैकी एक. आवाज वाढला आणि उत्तरं कमी झाली. तराजूत वजन टाकल्यावर काटा उलट्या बाजूला जावा तसा प्रकार. मी आकडे लिहिले आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी शेजारची मंडळी आली. कोणीतरी खालच्या लायब्ररीतून परदेशी मारामारीच्या सिनेमाची डीव्हीडी आणली होती, हिंदीत बोललेली. विमान आमच्या मोरीतून निघून टीव्हीत उतरलं तेव्हा शेजारच्या काकू ओरडल्या, "अगो बाई, मोरीत काय पाळलंय ह्यांनी!" सगळे हसले. बाबा दहा मिनिटं बसले. गोरा हिरो बोलायला लागला की पुढे झुकून बघत, मग मागे टेकत, पुन्हा झुकत. शेवटी उठले.

मी त्यांच्यामागे गॅलरीत गेलो. "आता तर बोलणं वेगळं काढून दिलंय. मग?"

"ह्यांची तोंडं एक बोलतात," बाबा वैतागून म्हणाले, "आणि तुम्ही हसता दुसऱ्यालाच."

ह्या वाक्यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. रिसीव्हरमध्ये आवाज किंचित मागेपुढे करायची सोय होती; चित्र आणि आवाज जुळत नसतील असं वाटून ती वापरली. मधला स्पीकर तीन डेसिबल चढवला, मग सहा. खुर्ची एक फूट पुढे घेतली, अंतरं पुन्हा मोजली. मराठी सिनेमा लावला. बाबा माझ्या समाधानासाठी अर्धा तास बसायचे, मध्येमध्ये आमच्याकडे बघायचे आणि आम्ही हसलो की हसायचे. ते हसणं मला बाहेर जाण्यापेक्षा वाईट वाटलं. बायको म्हणाली, "अहो, सोडा आता. त्यांना नाही आवडत तर नाही आवडत. कशाला छळताय?" मी म्हटलं, "न आवडणं आणि न समजणं ह्यात फरक आहे." पण तो फरक कुठल्या बटणाने मिटेल ते मला माहीत नव्हतं. दुकानाच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "खोलीचा दोष असेल. भिंतीला पडदे लावून बघा." आम्ही एका भिंतीला बायकोच्या साड्यासुद्धा लावून बघितल्या.

त्यानंतरच्या रविवारी बाबांचे सोबती आले. ते शिवडीहून महिन्यातून एकदा यायचे, चालत. साचाखात्यात दोघांचे साचे शेजारी-शेजारी. संपानंतर ह्यांनी बंदरावरच्या गोदामात गोणी मोजायचं काम धरलं आणि बाबांनाही वॉचमन म्हणून तिकडे चिकटवलं. आले की दोघं गॅलरीत समोरासमोर स्टुलांवर बसत. तासभर. आतून आम्हाला एक शब्द ऐकू येत नसे. आयुष्यभर एकत्र काम केलेल्या माणसांचं बोलणं संपून जात असेल, असं मी समजायचो.

त्या दिवशी सिनेमा चालू होता आणि बाबा नेमके आत होते. मी त्यांच्या सोबत्यांना हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, "काका, तुम्ही ऐका जरा. मला सांगा ह्या आवाजात काय बिघडलंय?"

त्यांनी डावा कान पुढे करून ऐकलं. "फर्स्ट क्लास आसा. काय बिघडला नाय."

"मग बाबांना बोलणं का समजत नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा पंचा घेऊन ते तोंड पुसू लागले, आणि पुसून झालं तरी पंचा तोंडावरून काढला नाही. त्याच्याआडून ते म्हणाले, "झिला, तेका ऐकाक येना नाय. अजिबात नाय. तुका म्हाईत नाय?"

"थोडं कमी येतं..."

"थोडा खयचा? संपाच्या आधीच कान गेले तेचे. माझो एक तरी ऱ्हवलो."

"पण ते बोलतात की आमच्याशी! उत्तरं देतात."

"तुमच्या तोंडाकडे बघून." पंचा अजून जागेवरच होता. "साचेखात्यात कोणाक काय ऐकाक येता? चारशे साचे एका वेळी खडखडतत. आमी सगळे तोंडान आणि हातान बोलायचो, आवाज न काढता. ह्या टोकाचो माणूस त्या टोकाक शिवी द्यायचो, आणि ती पोचायची. बातम्यांची बाई सरळ समोर बघून बोलता, म्हणून ती तेका कळता. सिनेमात हिरो पाठ फिरवता. मगे तो काय वाचतलो? पाठ?"

मी गिरणी कामगाराचा मुलगा. गिरणी मी फाटकापर्यंत बघितली. आत जायच्या वयाचा होईपर्यंत फाटक बंद झालं होतं. साचाखात्यातली माणसं मोठ्याने बोलतात एवढंच मला माहीत होतं. ती बाहेर मोठ्याने बोलत, आत अजिबात बोलत नसत, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वहीतला एकेक आकडा आता जागेवर बसत होता. पाचपैकी पाच, कारण खस्स झालं की आम्ही दोघं त्या स्पीकरकडे बघत होतो. हिंदी बोलणारा गोरा हिरो. दुकानातला अंधार. सगळं मी लिहून ठेवलं होतं आणि त्यातलं काहीच वाचलं नव्हतं.

"ह्याच्या आधी कसे बघायचे मग?" बायकोने हळू विचारलं. "आई होत्या तोवर तर बसायचे."

काकांनी पंचा थोडा खाली केला, पुन्हा वर नेला. "वयनीच सांगायची तेका. टीव्हीखाली नाय बसायची ती?"

बसायची. तांदूळ निवडत, लसूण सोलत, टीव्हीकडे पाठ करून कपाटाला टेकलेली. दारातून येणारा उजेड ताटावर पडावा म्हणून ती तशी बसते असं मला वाटायचं. तिचे ओठ सारखे हलत असायचे. तोंडाने नाम घेते, असं आम्ही म्हणायचो. खरंच ती सांगत होती की नाम घेत होती? काका म्हणतात सांगत होती. मला आता आठवून बघताना तिच्या ओठांवरचे शब्द दिसत नाहीत. मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही, मी सिनेमा बघत होतो.

बाबा खुर्चीतून आमच्याकडे संशयाने बघत होते. "पंचा कशाला धरलास तोंडावर? काय शिजतंय?"

काका उठले, टीव्हीखाली जाऊन कपाटाला टेकून बसले आणि बाबांकडे तोंड करून ओठ हलवायला लागले. आवाज नाही. मधेच दोन बोटं कपाळाला, की पोलीस आला. मनगट फिरवलं, की खोटं बोलतोय. पडद्यावर कोणीतरी काहीतरी विनोद केला, आम्ही दोघं काकांकडेच बघत बसल्यामुळे तो आमच्याकडून निसटला, आणि बाबा हसले. आमच्याकडे न बघता, आमच्या आधी.

हे सगळं आम्हाला कळलंय हे बाबांना कळू द्यायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं. "ऐकायला येतं" हे वाक्य त्यांनी वीस-बावीस वर्षं सांभाळलं होतं. ते आम्ही त्यांच्या हातातून काढून घ्यायचं कारण नव्हतं. पण काका महिन्याने येणार. मधले तीन रविवार?

पुढच्या रविवारी मी मेथीची जुडी घेतली आणि टीव्हीखाली कपाटाला टेकून बसलो. सिनेमा रहस्याचा होता.

बाबा म्हणाले, "तिथून तुला काय दिसणार?"

"मी बघितलाय," मी खोटं बोललो. "मेथी निवडायची आहे."

सिनेमा सुरू झाला आणि मी ऐकलेलं ओठांनी सांगायला लागलो. दोन मिनिटांत बाबा म्हणाले, "दात कशाला विचकतोस? साधं बोल."

मी साधं बोललो.

पण मी बसलो होतो ती जागा रिसीव्हरच्या हिशोबात कुठेच नव्हती. पुढचे तिन्ही स्पीकर माझ्या पाठीशी, मागचे दोन्ही समोर. टाचांचा आवाज उजवीकडून डावीकडे गेला, म्हणजे पडद्यावर कोण कुठून कुठे गेलं ते मला उलटं करून घ्यावं लागे. समोर मोरीत दार उघडलं. मधला स्पीकर माझ्या डोक्यावर, आणि त्यातून चार बायका आणि पाच पुरुष बोलत होते. त्यातला कोण कोणता, हे पाठ फिरवून बसलेल्या माणसाला कळायला काही मार्ग नव्हता.

"विष चहात होतं," मी सांगितलं.

"कोण म्हणाला?"

मला माहीत नव्हतं. मी मागे वळून बघायला गेलो.

"वळू नको," बाबा म्हणाले. "तोंड दिसत नाही मग." आणि हात वर करून त्यांनी गळ्याच्या दोन्ही बाजूंनी छातीवर बोटं ओढली, स्टेथोस्कोप लटकतो तशी. कोटवाला, डॉक्टर. तेव्हापासून प्रत्येक वाक्याला ते हाताने माणूस दाखवायला लागले: मिशी, बांगड्या, काठी. मी काय बोललं गेलं ते सांगायचो, ते कोणी बोललं ते सांगायचे. पुष्कळदा ते एका वाक्याने पुढे असत आणि मी एका वाक्याने मागे, त्यामुळे काठीवाल्याचं बोलणं बांगड्यांवालीच्या नावावर जाई. बायको भिंतीला टेकून कधी पडद्याकडे, कधी आमच्याकडे बघत होती. तिचा अर्धा सिनेमा त्यातच गेला.

मेथी संपली तरी मी उठलो नाही. सिनेमा संपला तेव्हा बाबा खुर्चीतच होते.

"मेव्हण्याने मारलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मेव्हणा कसा? कबुली डॉक्टरने दिली. मी स्वतः ऐकली."

"डॉक्टरचं तोंडच हललं नाही त्या वेळी. मी बघत होतो."

आम्ही दोघांनी बायकोकडे बघितलं. तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, बाबांच्या समोर येऊन तोंड दाखवून म्हणाली, "मला विचारू नका. तुमचं तुम्ही ठरवा," आणि फोडणी द्यायला मागच्या डाव्या स्पीकरखाली निघून गेली.

बाबांचं म्हणणं शेवटपर्यंत मेव्हणा हेच राहिलं.